खेळाडूचे मन आणि आमची लेखणी

गेल्या वैशाखात आठदहा दिवस भातसानगरास राहण्याचा योग आला. आमचे एक आप्त तेथे नोकरीनिमित्त राहतात आणि ‘एकदा येऊन जा’ हे त्यांचे आमंत्रण आम्ही बरीच वर्षे पुढे ढकलीत आलो होतो. आसनगावास गाडीतून उतरावे, शहापूर मागे टाकावे आणि भातसा धरणाच्या वसाहतीत शिरावे. तेथून पुढे आमच्यासारख्या मनुष्यास वाचण्यावाचून दुसरा उद्योग उरत नाही. बरोबर क्रीडाविषयक पुस्तकांचे एक लहानसे गाठोडे होते. खेळाडूंच्या चरित्रांवर व आत्मचरित्रांवर काही लिहा, असा लकडा या मासिकाच्या संपादकांनी कित्येक महिने आमच्यामागे लावला होता, आणि शहरातील धकाधकीत ते काम हातून होत नव्हते. सायंकाळी पडवीत बसून आम्ही पाने उलटीत असू आणि समोरच्या मोकळ्या जागेत मुले कबड्डीचा डाव मांडीत. वाचलेला मजकूर आणि ऐकू येणारा दम यांची अशी संगत फारशा परीक्षकांस लाभत नसावी.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी आमची एक जुनी विद्यार्थिनी भेटावयास आली. ती त्याच भागातील एका पाड्यावरची. आमच्या महाविद्यालयात असताना ती कबड्डी खेळे, चढाईला तिच्यासारखी दुसरी मुलगी त्या वेळी आमच्याकडे नव्हती. आता ती एका आश्रमशाळेत शिकविते व तेथील मुलींचा संघ तयार करते. करवंदांची टोपली आप्तांच्या स्वाधीन करून तिने मेजावरची पुस्तके चाळली, आणि एकाएकी विचारले, “सर, यांत झोपेविषयी काही लिहिलंय का हो?”

आम्ही म्हटले, “झोपेविषयी? ते कशाला?”

ती म्हणाली, “माझ्या संघात एक मुलगी आहे. सामना ठरला की तीन-तीन रात्री झोपत नाही. तिला वाचून दाखवायला काही असलं तर पाहत होते.” मग थोडे थांबून, न रागावता, “तुम्हाला आठवत नसेल, पण मीही तुम्हाला हेच सांगायला आले होते.”

आठवत नव्हते, तिने सांगितल्यावर मात्र सर्व आठवले. जिमखान्याचा कारभार त्या वर्षी आमच्याकडे होता. आंतरमहाविद्यालयीन अंतिम सामन्याच्या आदल्या दिवशी ही मुलगी आमच्या खोलीच्या दाराशी येऊन म्हणाली होती की, रात्रीची झोप लागत नाही, पोटात गोळा उठतो, हात गार पडतात. आम्ही पेपर तपाशीत होतो. मान वर करून आम्ही तिला सांगितले, “मन घट्ट कर. खेळाडूला असं शोभत नाही.” दुसऱ्या दिवशी पहिल्याच चढाईत ती पकडली गेली. पुढील वर्षी संघात तिचे नाव नव्हते आणि ते का नाही हे विचारण्याचेही आम्हांस सुचले नाही.

प्रस्तुत लेख लिहिताना तिचा तो प्रश्न आम्ही कसोटीच्या दगडासारखा हाती धरला आहे. पुस्तकपरीक्षणाची ही रूढ रीत नव्हे, हे आम्ही जाणतो. भाषा, रचना, प्रसंगवर्णन यांविषयी बोलावे, आणि ते ओघाने येईलच. परंतु स्पर्धेत उतरणाऱ्या माणसाच्या मनाचे स्वास्थ्य म्हणजे काय, ते कशाने राहते व कशाने ढळते, याविषयी आमच्या क्रीडावाङ्मयाने आजवर काय सांगितले, हे पाहावयाचे तर इतका साधा प्रश्नच उपयोगी पडतो.

आमच्या या वाङ्मयाची शब्दसंपत्ती थोडी आहे. जिद्द, चिकाटी, परिश्रम, त्याग आणि शेवटी यश, एवढ्या भांडवलावर पुस्तकांमागून पुस्तके निघतात. याचे मूळ जुने आहे. बडोद्याच्या द. चिं. मुजुमदारांनी १९३६ पासून पुढे दहा खंडांत सिद्ध केलेला ‘व्यायामज्ञानकोश’ पाहिला म्हणजे त्या पिढीच्या उद्योगापुढे मस्तक नम्र होते. पण त्या काळाच्या एकंदर व्यायामविचारात एक गृहीत होते, ते असे की शरीर कसले म्हणजे मन आपोआप कसले जाते. तालमीत घाम गाळणाऱ्यास चिंता कसली? मन ही शरीराची सावली. सावलीची निगा कोणी राखीत नाही. परतंत्र देशाला उभे करू पाहणाऱ्या पिढीस हा विश्वास आवश्यकही असेल. पण देश स्वतंत्र झाला, आखाड्यांची क्रीडासंकुले झाली, आणि तोच विश्वास वर्तमानपत्रांच्या क्रीडापृष्ठावर जसाच्या तसा येऊन बसला.

पाश्चात्य मानसशास्त्र्यांनी या प्रश्नाकडे निराळ्या वाटेने जाण्यास प्रारंभ केला त्याला आता सव्वाशे वर्षे होऊन गेली. नॉर्मन ट्रिप्लेट याने १८९८ साली सायकलस्वारांच्या वेळांची छाननी करून दाखविले की मनुष्य एकटा असता जितका वेगाने जातो त्याहून दुसऱ्याच्या सोबतीने अधिक वेगाने जातो. १९०८ मध्ये यर्क्स आणि डॉडसन यांनी उंदरांवर प्रयोग केले, आणि अवघड कामात उत्तेजना एका मर्यादेपर्यंतच उपकारक असते, पुढे तीच कामाचा घात करते, असा निष्कर्ष काढला. आमची विद्यार्थिनी त्या मर्यादेच्या पलीकडे जाऊन उभी होती आणि आम्ही तिला आणखी पुढे ढकलले, हे आता कळते. पुढे १९८९ मध्ये कॅरोल रिफ या विदुषीने मनःस्वास्थ्याची सहा अंगे मांडली. स्वतःचा स्वीकार, इतरांशी आपुलकीचे नाते, आपल्या वागण्यावर आपला ताबा, भोवतीच्या परिस्थितीत निभावून नेण्याचे सामर्थ्य, जगण्यास काही हेतू आणि आपली वाढ होत असल्याची जाणीव. यांत आनंदाचे नाव नाही आणि विजयाचे तर नाहीच. ही यादी प्रमाण मानावी असा आमचा आग्रह नाही, पण ती डोळ्यांसमोर ठेवून आमची क्रीडाचरित्रे वाचू लागले की ती कोठे मुकी होतात हे चटकन ध्यानात येते.

गाठोड्यातले सर्वांत जाड पुस्तक अर्थातच सचिन तेंडुलकर यांचे ‘प्लेइंग इट माय वे’. बोरिया मजुमदार यांच्या साह्याने लिहिलेले हे इंग्रजी आत्मचरित्र २०१४ साली प्रसिद्ध झाले. ज्याची दोन दशके हा सारा देश घड्याळ लावून वाट पाहत असे, त्या माणसाच्या मनात शिरण्याचे दार उघडेल म्हणून आम्ही ते मोठ्या उत्कंठेने हाती घेतले. त्यातून तेंडुलकरांचे वडील रमेश तेंडुलकर हे मराठीचे प्राध्यापक, कवी आणि समीक्षक. कवीच्या घरी वाढलेला मुलगा स्वतःविषयी लिहीत आहे, ही अपेक्षा वेगळीच.

पुस्तकाचा फार मोठा भाग सामन्यांच्या नोंदवहीसारखा आहे. दौरा, खेळपट्टी, धावा, बाद होणे, पुढचा दौरा. लेखक सज्जन आहे, कृतज्ञ आहे, कोणाविषयी उणा शब्द काढताना दहादा विचार करणारा आहे. आणि हे सारे गुण आत्मचरित्राच्या मुळावर आले आहेत. तरीही तीन-चार ठिकाणी भिंतीस फट पडते. १९९७ मध्ये बार्बाडोस येथे विजयासाठी अवघ्या १२० धावा हव्या असता आपला संघ ८१ धावांत गारद झाला. संघनायक असलेल्या तेंडुलकरांनी त्यानंतर दोन दिवस स्वतःस खोलीत कोंडून घेतले आणि खेळ सोडून देण्याचा विचार त्यांच्या मनात येऊन गेला. १९९९ च्या विश्वचषकाच्या ऐन मध्यावर वडील निवर्तले. अंत्यविधीसाठी घरी येऊन ते परत गेले आणि ब्रिस्टल येथे केनियाविरुद्ध नाबाद १४० धावा केल्या. २००७ च्या विश्वचषकानंतर पुन्हा निवृत्तीचा विचार आला, तेव्हा व्हिव्ह रिचर्ड्स यांनी दूरध्वनी करून तो मोडून काढला.

ब्रिस्टलच्या त्या शतकाविषयी आमच्या वृत्तपत्रांनी किती लिहिले आहे! बहुतेक सर्व लिखाण एकाच सुराचे: पितृशोक गिळून तो मैदानावर उतरला, केवढे हे धैर्य. आम्हांसही ते धैर्य वाटते. पण शोक गिळला म्हणजे तो कोठे जातो, हे विचारावयाचे कोणी? सव्वीस वर्षांच्या मुलाने चार दिवसांत बापाचे क्रियाकर्म आणि विश्वचषकातील शतक दोन्ही उरकावे, यात त्याच्या मनाचे जे झाले असेल ते शतकाच्या आकड्यातून कळत नाही. पुस्तकातही त्या प्रसंगावर लेखणी भराभर पुढे जाते.

आणि मग मे २०२१ मध्ये, निवृत्तीस साडेसात वर्षे उलटल्यावर, एका सार्वजनिक संवादात तेंडुलकरांनी सांगितले की आपल्या कारकीर्दीत दहा-बारा वर्षे आपण धास्तीने ग्रासलेले होतो आणि सामन्यापूर्वीच्या कित्येक रात्री आपणांस झोप येत नसे. पुढे हा आपल्या पूर्वतयारीचाच भाग आहे असे त्यांनी मानले आणि तिच्याशी झगडणे सोडून दिले. त्या वेळी मन गुंतविण्यासाठी आपण चहा करीत असू, कपड्यांस इस्त्री करीत असू, असेही त्यांनी सांगितले.

हे वाचून आम्ही आत्मचरित्र पुन्हा उघडले. दहा-बारा वर्षे रात्रीमागून रात्र चाललेली गोष्ट म्हणून हे जागरण त्यात कोठेच उभे राहत नाही. आमच्या मते त्या पुस्तकाचा वाङ्मयीन दोष हाच, आणि तो शैलीच्या दोषाहून मोठा. मध्यरात्री एकटा उठून उद्याच्या सदऱ्यास इस्त्री करणारा जगातील सर्वश्रेष्ठ फलंदाज! एखाद्या कादंबरीकारास हे चित्र सुचले असते तर त्याने त्यासाठी शंभर पाने मोजली असती. शिवाय एक मोठी गोष्ट या चित्रात आहे. धास्ती नसणे म्हणजे मनःस्वास्थ्य अशी आपली समजूत असते. येथे धास्ती होती, ती गेलीही नाही. तिला बसावयास घरात एक जागा करून दिली गेली. आमच्या विद्यार्थिनीच्या त्या मुलीला ऐकवावयाचे ते हेच. पण ते सहाशे धावांच्या वर्णनात सापडत नाही, एका ओझरत्या संभाषणात सापडते.

तेंडुलकरांचे नाव आले की विनोद कांबळी यांचे येतेच, आणि येथे दोष लेखकाचा नसून आम्हां सर्व लिहिणाऱ्यांचा आहे. फेब्रुवारी १९८८ मध्ये हॅरिस ढाल स्पर्धेत शारदाश्रमच्या या दोन मुलांनी ६६४ धावांची अभेद्य भागी केली. कांबळी नाबाद ३४९, तेंडुलकर नाबाद ३२६. कांबळींनी १९९३ साली लागोपाठच्या दोन कसोटींत २२४ आणि २२७ धावा केल्या. त्यांची कसोटीतील सरासरी ५४.२०, म्हणजे तेंडुलकरांच्या ५३.७८ हून किंचित अधिकच. आणि १९९५ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, सतरा सामन्यांनंतर त्यांचे कसोटी क्रिकेट संपले. पुढील वर्षी १३ मार्चला कोलकात्यास विश्वचषकाचा उपांत्य सामना प्रेक्षकांच्या दंगलीने थांबविला गेला तेव्हा नाबाद असलेले कांबळी डोळे पुशीत मैदानाबाहेर आले.

त्या अश्रूंचे छायाचित्र आमच्या पत्रांनी किती वेळा छापले असेल! पराभवावर अश्रू ढाळणे हे हळवेपणाचे लक्षण ठरले आणि पुढे दोन मित्रांची ती कहाणी शाळेतल्या ससा-कासवाच्या गोष्टीसारखी झाली. एकाने संयम पाळला तो वर गेला, दुसऱ्याने पाळला नाही तो खाली आला. मुलांनो, तात्पर्य ध्यानात घ्या. आचरेकर सरांच्या हाताखाली एकाच मैदानात वाढलेल्या दोन मुलांच्या मागे घर, पैसा, सल्ला देणारी माणसे, पडल्यावर धरणारे हात हे सारे सारखे होते काय, हा प्रश्न कोणा बोधकथाकाराने विचारलेला आमच्या वाचनात नाही. जिवंत माणसाचे तात्पर्य काढण्याची ही घाई आम्हांस क्रूर वाटते. चेन्नईस जानेवारी १९९९ मध्ये पाकिस्तानाविरुद्ध १३६ धावा करूनही बारा धावांनी सामना गेला तेव्हा तेंडुलकरही खोलीत रडले. त्या अश्रूंस आम्ही देशप्रेम म्हटले.

आता खाशाबा. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा दादासाहेब जाधव हे स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदकविजेते, हे महाराष्ट्रातील प्रत्येक शाळकरी मुलास ठाऊक असते. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते सहावे आले. १९५२ साली हेलसिंकीस जाण्यासाठी पैसा नव्हता, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण टाकून सात हजार रुपये दिले, असे त्यांचे सर्व चरित्रकार सांगतात. आम्हीही प्राध्यापकी पेशातले. ही कथा वाचताना दर वेळी आम्हांस स्वतःची थोडी लाज वाटते. खाशाबांनी कांस्यपदक आणले, कराडास शेकडो लोकांनी बैलगाड्यांच्या मिरवणुकीने त्यांचे स्वागत केले, आणि त्यानंतर त्यांनी कुस्त्यांचे फड भरवून प्राचार्यांचे पैसे फेडले.

खाशाबांवरील लिखाणात या भागाचे वर्णन बहुधा रसाळ असते. पुढे सूर पालटतो. जपानच्या इशीशी दीर्घ कुस्ती झाल्यावर विश्रांतीचा हक्काचा अवधीही न देता त्यांस रशियन मल्लाशी लढावयास उभे केले, आणि आपल्या बाजूने दाद मागावयास आपला एकही अधिकारी तेथे हजर नव्हता, अशी हकीकत दिली जाते. १९५६ चे मेलबर्न गुडघ्याच्या दुखापतीने हुकले. १९५५ मध्ये ते पोलीस खात्यात उपनिरीक्षक म्हणून लागले, १९८३ मध्ये सहाय्यक आयुक्त म्हणून निवृत्त झाले आणि पुढल्याच वर्षी, १४ ऑगस्ट १९८४ रोजी, रस्त्यावरील अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणानंतर. पद्म पुरस्कार जिवंतपणी मिळाला नाही.

या सर्व लेखनाचा रोख सरकारच्या उपेक्षेवर आहे आणि तो योग्यच आहे. परंतु हेलसिंकी ते तो अपघात या बत्तीस वर्षांत त्या माणसाच्या मनात काय चालले होते? ज्या देशाने आपणांस विसरावे असे जणू ठरविले आहे, त्याच देशाचा गणवेश अंगावर चढवून रोज कामावर जाताना ते पदक त्यांस आठवत असे की आठवू नये म्हणून ते धडपडत? त्या रशियन मल्लासमोर दमलेल्या अंगाने उभे राहताना क्षणभर तरी त्यांस भीती वाटली काय? सत्कारांची यादी आणि न झालेल्या सत्कारांची यादी या दोन्ही आमच्यापाशी आहेत. माणूस मात्र दोहोंच्या मधल्या फटीतून निसटला. त्यांस जवळून पाहिलेले लोक गेले की जातील, आणि मग ही माहिती कोणत्याही पुरस्काराने परत येणार नाही. उपेक्षेविषयीचा आमचा रोषही एका परीने उपेक्षाच ठरला, असे म्हणण्याचे धाडस आम्ही करतो.

भातसानगरास बसून हे लिहिताना आणखी एका लेखनप्रकाराचा उल्लेख टाळता येत नाही. नाशिक जिल्ह्यातील हरसूलजवळच्या सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये कांस्य आणि त्याच वर्षी ग्वांगझाऊ येथील आशियाई स्पर्धेत रौप्यपदक मिळविले. ‘सावरपाडा एक्स्प्रेस’ हे नाव त्यांस पत्रकारांनीच दिले. त्यांच्यावरील लेखांत एक दृश्य हटकून असते: डोक्यावर हंडा घेतलेली, अनवाणी डोंगर चढणारी मुलगी. त्या पाण्याच्या खेपांनी तिचे पाय घडविले, असा निष्कर्ष त्यापुढे ठेवलेला असतो.

येथे धरणाच्या काठी बसले म्हणजे हे वाक्य घशाखाली उतरत नाही. मुंबईस पाणी देणाऱ्या सात तलावांच्या एकंदर साठ्यापैकी जवळजवळ निम्मे पाणी या एका भातसा जलाशयात साठते आणि नदीच्या पात्राने पिसे येथे जाऊन तेथून नगरात पोचते. त्याच शहापूर तालुक्यातील पाड्यांवर वैशाखात टँकरची वाट पाहिली जाते, हंडे घेतलेल्या बायामुली आम्ही येथे रोज पाहिल्या. मुंबईचा वाचक नळाखाली हात धुऊन सकाळचे पत्र उघडतो आणि पाणी वाहण्याने मुली कशा काटक होतात हे कौतुकाने वाचतो! कविता राऊत यांचा पराक्रम पाण्याच्या खेपांनी झालेला नाही, खेपा असूनही झालेला आहे. त्या खेपांमुळे जिची धाव कधी सुरूच झाली नाही अशी मुलगी कोणत्या लेखात येते? शिवाय अशा गोष्टीचा भार पुढे त्या खेळाडूसच वाहावा लागतो. जिच्या दारिद्र्याचे एवढे गोडवे गाइले गेले, तिने ‘मला आज भीती वाटते’ असे कोणापाशी म्हणावे?

मनाविषयी लिहिता येते, हे इंग्रजीत काहींनी दाखविले आहे. इंग्लंडचे सलामीचे फलंदाज मार्कस ट्रेस्कोथिक २००६ च्या फेब्रुवारीत भारताचा दौरा अर्ध्यावर टाकून मायदेशी परतले. त्या वेळी नाना कारणे पुढे केली गेली. खरे कारण विषादाचा आजार होता, आणि २००८ मध्ये ‘कमिंग बॅक टू मी’ या पुस्तकात त्यांनी ते स्वतःच सांगितले. त्या वर्षीचा इंग्लंडमधील क्रीडाग्रंथाचा मानाचा पुरस्कार त्यास मिळाला. खेळाडूने मैदान सोडणे हा पळपुटेपणा, असे मानणाऱ्यांनी सिमोन बाइल्स हिचेही उदाहरण पाहावे. २७ जुलै २०२१ रोजी टोकियो येथे, हवेत असता आपल्या शरीराचे भान सुटते आहे हे जाणून तिने सांघिक अंतिम फेरीतून अंग काढून घेतले. जगाने नावे ठेवली. २०२४ मध्ये पॅरिस येथे तिने तीन सुवर्णपदके मिळविली. पण ती न मिळविती तरी तिचा निर्णय शहाणपणाचाच ठरला असता.

आमच्या गाठोड्यातील सर्वांत उत्तम पुस्तक एका भारतीयाचे निघाले. अभिनव बिंद्रा यांनी ११ ऑगस्ट २००८ रोजी बीजिंग येथे दहा मीटर एअर रायफलमध्ये सुवर्णपदक मिळविले. भारताचे हे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक सुवर्ण. रोहित ब्रिजनाथ यांच्या साह्याने त्यांनी २०११ मध्ये ‘अ शॉट ॲट हिस्टरी’ लिहिले. श्रीमंत घरातील, घरीच नेमबाजीची सोय असलेल्या मुलाच्या कथेत आम्हां मध्यमवर्गीयांस काय रस, असे वाटून आम्ही ते शेवटी उघडले. पण हा लेखक स्वतःस सोडीत नाही. आपले वेड, चिडखोरपणा, क्षुल्लक गोष्टींचा ध्यास, सारे तो उघडे करतो. भीतीशी ओळख व्हावी म्हणून बीजिंगपूर्वी जर्मनीत एका उंच खांबावर चढून जाण्याचा प्रसंग वाचताना आमच्या स्वतःच्या तळव्यांना घाम आला.

आणि त्या पुस्तकाचा खरा कस सुवर्णपदकाच्या पुढल्या पानांत आहे. आमची चरित्रे जेथे संपतात तेथे हे सुरू होते. ज्या एका गोष्टीसाठी आयुष्य वेचले ती हाती आली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उठून करावयाचे काय, हे कळेना. ओढ गेली, बंदूक उचलावीशी वाटेना. आपल्या आयुष्यातील मनाचे मोठे संकट आपण जिंकल्यावर आले, असे बिंद्रा पुढेही सांगत आले आहेत. रिफ यांच्या यादीतील ‘जगण्यास काही हेतू’ हे अंग किती अवघड आहे ते येथे कळते. पदक हा हेतू असेल तर पदक मिळताच हेतू सरतो. पराभूताच्या दुःखास आमच्या भाषेत शंभर शब्द आहेत. विजेत्याच्या या दुःखास आम्ही नावही दिलेले नाही, कारण ते असू शकते अशी आम्हांस कल्पना नाही.

यावर कोणी म्हणेल की प्रत्येक खेळाडूने आपले अंतरंग बाजारात मांडावे काय? मुळीच नाही. मौन हा माणसाचा हक्क आहे. आणि आपली व्यथा चारचौघांत सांगणे हीही आता एक फॅशन होऊ पाहत आहे, तिचा आम्हांस जिद्दीच्या कथांइतकाच कंटाळा येईल अशी भीती आहे. तेंडुलकरांनी आत्मचरित्रात रात्रींविषयी लिहिले नाही, तो त्यांचा अधिकार. आमची तक्रार त्यांच्याहून अधिक आमच्याविषयी, त्यांच्यावर लिहिणाऱ्यांविषयी आहे. वीस वर्षे त्यांच्या मागेमागे हिंडणाऱ्या शेकडो लेखण्यांपैकी एकीसही, ‘काल रात्री झोप लागली का?’ एवढे विचारावेसे वाटले नाही काय? आम्ही तरी कोठे विचारले! दाराशी उभी असलेली मुलगी आम्हांस ते आपण होऊन सांगत होती.

निघण्याच्या आदल्या दिवशी ती पुन्हा आली. खाशाबांचे चरित्र तिने मुलींसाठी मागून घेतले. ते मराठीत आहे आणि कुस्त्यांची वर्णने मुलींना आवडतील, असे ती म्हणाली. बिंद्रांच्या पुस्तकातील जिंकल्यानंतरची पाने आम्ही तिला तोंडी मराठीत सांगितली. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने विचारले, “एवढं मला मराठीत लिहून द्याल, सर? तिला दाखवीन.” न झोपणाऱ्या त्या मुलीचे काय केलेस, असे आम्ही विचारले. “काही नाही. मी तिच्याजवळ निजते. झोप आली नाही तर नको येऊ दे म्हणते, आणि दोघी सकाळच्या भाकऱ्यांचं पीठ काढून ठेवतो.”

भाषांतराची पहिली अकरा पाने आम्ही ठाण्यास परतल्यावर टपालाने तिला पाठविली. आठवड्याने ती परत आली ती पेन्सिलीच्या खुणांसह. सुवर्णपदकानंतरच्या त्या मनःस्थितीस आम्ही ‘रिक्तता’ असा शब्द योजिला होता. तो तिने सर्वत्र खोडला असून त्याच्या जागी ‘सुनंसुनं वाटणं’ असे लिहिले आहे. उरलेली पाने आम्ही तिच्याच शब्दाने करीत आहोत.